तिलाही एक स्टूल द्या

मागच्या डिसेंबरात मी म्हापशातल्या एका कपड्यांच्या दुकानात पंधरा दिवस काम केलं. नाताळच्या सीझनला दुकानदार कॉलेजच्या मुलींना कामावर घेतात, हे तुमच्यापैकी अनेकींना माहीत असेल. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ, मध्ये जेवायला अर्धा तास. काम तसं सोपं. घडी मोडायची, दाखवायची, गिऱ्हाईक गेलं की परत घडी घालायची. पहिल्याच दिवशी एक नियम मात्र ठासून सांगितला गेला: बसायचं नाही.

दुकानात तीन स्टुलं होती, ती गिऱ्हाइकांसाठी. गल्ल्यामागे शेठची खुर्ची होती. आम्हा पाच जणींसाठी काहीच नव्हतं. सीझन म्हणून दुपारीही दुकान उघडं असायचं. दोन ते चार चिटपाखरू फिरकत नसे, तरी आम्ही उभ्याच. तिसऱ्या दिवशी मी जरा एका स्टुलावर टेकले, तर शेजारची ताई घाईघाईनं म्हणाली, "उठ गो, हय बसूक गावणा नाय." ती बांद्याहून रोज बसनं यायची. आठ वर्षं त्याच काउंटरवर. तिच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. पाणीसुद्धा ती बेतानं प्यायची, कारण दुकानात बायकांसाठी संडास नव्हता आणि बाहेर जायचं तर सगळ्यांसमोर शेठची परवानगी मागावी लागायची.

शर्टाच्या काउंटरवरचा मुलगा दुपारी खुशाल गाठोड्यावर टेकायचा. त्याला कोणी काही म्हणत नसे. आम्ही टेकलो की ऐकायला मिळायचं, "गिऱ्हाइकाला कसं दिसतं ते!" म्हणजे आम्ही तिथं कपडे दाखवायला होतो, तितक्याच स्वतः नीट दिसायलाही होतो. ह्याला भेदभाव नाही तर काय म्हणायचं?

मी पंधरा दिवसांनी कॉलेजात परत आले. ती ताई अजून तिथंच उभी आहे. म्हणून हे लिहितेय.

कोणी म्हणेल, एका स्टुलासाठी कायदा कशाला? पण असा कायदा नवा नाही. इंग्लंडात १८९९ सालीच दुकानातल्या बायकांना बसायला जागा द्यावी असा कायदा झाला होता. दर तीन जणींमागे एक तरी आसन, असा त्याचा हिशेब. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं ४४ वं कलम २०२५ पर्यंत सांगत होतं की, ज्यांना उभ्यानं काम करावं लागतं त्यांना बसायची सोय हवी, म्हणजे कामात उसंत मिळाली की टेकता येईल. स्वातंत्र्य मिळून एकच वर्ष झालं होतं, तेव्हा देशाला हे सुचलं. पण ते कारखान्यासाठी. कपड्यांच्या दुकानात घाम दिसत नाही, एसी असतो, म्हणून तिथल्या मुलीचे पाय दुखत असतील हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

ते ध्यानात आणून दिलं केरळच्या बायकांनी. कोझिकोडमध्ये पी. विजी नावाची एक शिवणकाम करणारी बाई. बाजारातल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना तिनं गोळा केलं आणि 'पेणकूट्टु' ही संघटना उभी राहिली. त्यांची पहिली मागणी संडासाची होती. दिवसभर लघवी रोखून धरायची, म्हणून पाणीच प्यायचं नाही, ही तिथलीही गोष्ट. पुढे मागणी आली बसायच्या हक्काची. अनेक वर्षं त्यांना लोक हसले. शेवटी २०१८ मध्ये केरळनं आपल्या दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती केली आणि कामगारांना बसायची सोय देणं दुकानदाराला बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तामिळनाडूनंही तसंच केलं. ह्या बायकांमागे कुठला मोठा पक्ष नव्हता, पैसा तर नव्हताच. त्यांनी फक्त एकमेकींना विचारलं, "तुझेही पाय दुखतात का?"

आता केंद्राच्या नव्या कामगार संहितेतही उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी असं आहे. २०२० मध्ये संसदेनं ती मंजूर केली, नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली. पण ती मुळात दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. आमच्या दुकानात आम्ही पाच मुली, एक मुलगा. म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या बाजारात किती दुकानांत दहा माणसं कामाला असतील ते तुम्हीच मोजा. कायद्याचं छत्र मोठ्यांच्या डोक्यावर, आणि पावसात नेमक्या ह्याच मुली.

"गिऱ्हाइकासमोर बसणं हा उद्धटपणा," हा दुसरा आक्षेप. बँकेत कॅशियर बसूनच आपले पैसे मोजतो, त्यात कोणाचा अपमान होत नाही. आणि जुनी साड्यांची दुकानं आठवा. पांढरी गादी, त्यावर मांडी घालून बसलेला दुकानदार, समोर बसलेल्या बायका, मध्ये साड्यांचा ढीग. बेळगावात मावशीबरोबर अशा दुकानात मी कितीदा गेलेय. दाखवणारा बसलेला, बघणाराही बसलेला. म्हणजे बसून विकायची रीत आपलीच. काचेचं काउंटर आलं, त्याच्यामागे पगारी मुलगी आली, आणि मग बसणं अचानक उद्धट झालं!

रविवारी मिस्सेला बसले होते तेव्हा हेच मनात आलं. शुभवर्तमानाच्या वेळी सगळे उभे राहतात, प्रवचनाला सगळे बसतात. कोण मालक, कोण नोकर हे तिथं कोणी विचारत नाही. देवासमोर बसायला चालतं, गिऱ्हाइकासमोर नाही?

मी काम करायला लागले तेव्हा मम्मीनं शेजारी अभिमानानं सांगितलं, "आमची पोर आता स्वतःच्या पायांवर उभी राहिली." मराठीत मुलीच्या कमाईला आपण हेच म्हणतो. मलाही आवडायचं हे वाक्य. आता ते ऐकलं की त्या ताईच्या पोटऱ्या डोळ्यांसमोर येतात. तीही स्वतःच्या पायांवर उभी आहे, रोज अकरा तास. मुलगी स्वतःच्या पायांवर उभी राहावी असं वाटत असेल, तर त्या पायांची काळजी कोणी घ्यायची?

माझी मागणी साधी आहे. केरळसारखी स्पष्ट तरतूद गोव्यातल्या प्रत्येक दुकानाला लागू व्हावी, मग तिथं दोनच मुली कामाला असोत. बसायला जागा आणि जायला संडास, दोन्ही. आमदारांना निवेदन द्यायचं तर आपल्या मंडळानं पुढाकार घ्यावा, मसुदा लिहायला मी तयार आहे.

आणि तोवर? मी स्वतः आजवर कितीदा स्टुलावर बसून तीसेक कुडते काढायला लावलेत आणि काही न घेता उठलेय. समोरची मुलगी उभी आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं. चवथीला किंवा नाताळला खरेदीला जाल, तेव्हा एवढं करा. शेठला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, "बाय, तू पण बस. बसून दाखव, आम्हांला काही घाई नाही."