पिंपळपानाचं कार्ड
परवा भाचीच्या वाढदिवसाचं कार्ड करायला बसले आणि संध्याकाळ कधी सरली ते कळलंच नाही. माझी पद्धत अशी: २५० जीएसएमचा ए-४ कागद, पट्टी आणि शाई संपलेली रिफिल. पट्टी धरून रिफिलने आधी रेघ दाबून घ्यायची, मग घडी घालायची. जाड कागदही न भेगाळता दुमडतो. यंदा वर पिंपळाचं जाळीचं पान लावलं. चांगले तीन आठवडे ते बादलीत कुजत होतं आणि घरातले रोज वासाची तक्रार करत होते. शेवटी जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने हिरवा गर काढला, एकेक शीर उमटू लागली, तशी तक्रार करणारेच बादलीभोवती गोळा झाले. छापील कार्डं असताना एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. तशी छापील कार्डं काही आजची नाहीत. लंडनमध्ये हेन्री कोल यांनी १८४३ सालीच नाताळासाठी ती काढली होती. छपाईशी माझं भांडण नाही. पण वाढदिवसाचं कार्ड हातानेच करावं, हे माझं ठाम मत आहे. कारण ते करताना दोन-तीन तास आपण फक्त त्या एका माणसाचा विचार करतो: तिला पिवळा आवडतो की निळा, मागच्या भेटीत ती काय सांगत होती. मोबाइलवरचा केक एका दमात शंभर जणांना जातो. हे कार्ड जगात एकालाच मिळतं. कार्ड पोचल्यावर भाचीने फोनवर पहिलंच विचारलं, “मावशी, पान खरं आहे?” खरं आहे गं, सगळंच खरं आहे.