वाइन असो वा मोहाची, यकृताला हिशेब ग्रॅमचाच

समृद्धी महामार्ग झाल्यापासून वर्ध्याहून नाशिक जवळ वाटू लागले आहे. येळाकेळीला गाडी महामार्गावर घातली की सकाळी निघालेली माणसे संध्याकाळच्या आत नाशिक गाठतात. मुले शिकायला बाहेरगावी गेलेली किंवा नोकरीतून मोकळी झालेली जोडपी लग्नाच्या वाढदिवसाला तिकडच्या द्राक्षबागा आणि वायनरी पाहायला जातात. फिरावे, बागा पाहाव्यात. दोघांनी मिळून केलेला प्रवास मनाला चांगलाच असतो. पण परतल्यावर बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो : 'डॉक्टर, रेड वाइन हृदयाला चांगली असते ना?'

या समजाचा उगम फ्रान्समध्ये आहे. तिथे द्राक्षबागांमधून गाडीने फिरण्याची प्रथा जुनी आहे; बर्गंडीतला वाइनमार्ग १९३७ साली आखला गेला, अल्सासमधला १९५३ साली. लोणी, चीज भरपूर खाऊनही फ्रेंचांमध्ये हृदयविकार कमी का, असा प्रश्न १९९०च्या सुमारास विचारला गेला आणि उत्तर म्हणून रेड वाइनकडे बोट दाखवले गेले. अमेरिकी टीव्हीवरच्या एका कार्यक्रमानंतर ही गोष्ट जगभर पसरली.

पुढे त्या अभ्यासांतल्या त्रुटी दिसू लागल्या. 'न पिणारे' म्हणून मोजलेल्यांत आजारपणामुळे पिणे सोडलेले लोकही होते, त्यामुळे तो गट आधीच अशक्त निघाला. बेताने वाइन पिणारे बहुधा सुस्थितीतले असत. त्यांचा आहार चांगला, चालणे-फिरणे जास्त, उपचार वेळेवर. श्रेय मात्र ग्लासाला मिळाले. वाइनमधल्या ज्या रेझव्हेराट्रॉलचा गाजावाजा झाला, ते लिटरमागे काही मिलिग्रॅमच असते. दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दारूला कर्करोगकारक ठरवले ते १९८८ सालीच. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांत स्तनाचा कर्करोग यांच्याशी तिचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले की आरोग्याच्या दृष्टीने दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

खुद्द फ्रान्सही बदलला आहे. १९६०च्या सुमारास तिथे माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाइन खपत असे. आता तो आकडा निम्म्याहूनही खाली आहे. १९९१च्या कायद्याने टीव्हीवर दारूच्या जाहिराती बंद झाल्या. तिथली आरोग्ययंत्रणा सांगते : दिवसाला दोन ग्लासांहून जास्त नको, आणि रोज तर नकोच. त्यांचा एक ग्लास म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल.

आता आपला हिशेब करू. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम. म्हणजे वाइनचा एक ग्लास दीड पेगाएवढा. वायनरीत पाच-सहा वाइन चाखायला देतात. प्रत्येकी ३० मिली धरली तरी सहा वाइनचे १८ ग्रॅम होतात. वर जेवणाबरोबर एक ग्लास घेतला की आकडा ३० ग्रॅमच्या पुढे. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटते. ना चालण्याने ते घाई करते, ना लिंबूपाण्याने, ना कॉफीने.

आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. फ्रान्समध्ये ती ५० आहे, म्हणजे आपला कायदा अधिक कडक. नुसत्या चाखण्यानेही ही रेषा ओलांडली जाऊ शकते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच ग्लासाने त्यांच्या रक्तात अल्कोहोल जास्त चढते. म्हणून 'तू प्यायलास, आता मी चालवते, मी थोडीच घेतली' हा हिशेब चुकतो. जो गाडी चालवणार त्याने चाखूच नये, नाहीतर मुक्काम करावा. रात्री उशिरापर्यंत बसले असाल तर सकाळीही रक्तात अल्कोहोल उरलेले असू शकते, आणि समृद्धीवर वेग ताशी १२० असतो. व्यावसायिक चाखणारे वाइन तोंडात घोळवून थुंकतात; त्यात कमीपणा नाही.

पन्नाशीपुढच्यांसाठी आणखी एक गोष्ट. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी वाइन घेतली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, कारण अल्कोहोल निपटण्यात गुंतलेल्या यकृताचे साखर तयार करण्याचे काम मागे पडते. घाम, थरथर, बरळणे ही त्याची लक्षणे. सोबतच्यांना वाटते, 'चढली आहे', आणि ते झोपवून ठेवतात. अशा वेळी साखर तपासा. शुद्ध असेल तर लगेच गोड द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य गाजले. द्राक्ष उत्पादकाला चार पैसे मिळावेत यात दुमत नाही. नाशिकच्या शेतकऱ्याने अवकाळी आणि गारपीट पुरेशी सोसली आहे. पण त्यासाठी शरीरशास्त्र बदलता येत नाही.

आपला जिल्हा सेवाग्राम आणि पवनारचा. १९७०च्या दशकापासून इथे दारूबंदी आहे. तरीही शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डात पोटात पाणी झालेला, डोळे पिवळे पडलेला मजूर दिसतो. त्याची मोहाची ती 'व्यसन', आणि आपली वाइन ती 'संस्कृती', असा भेद आपण करतो. हातभट्टीच्या दारूत किती अल्कोहोल आहे हे कुणी मोजत नाही आणि मिथेनॉलचे विष त्यात कधीही निघू शकते, हे खरे. पण दोन्हीतले इथेनॉल एकच आणि ते निपटणारे यकृतही तसलेच. नाशिकहून परवान्याशिवाय दोन बाटल्या डिकीत घालून आणणाऱ्यानेही गावातल्या भट्टीवर बोट दाखवण्याआधी विचार करावा. बंदी दोघांनाही आहे.

माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक बाटलीवर आणि वायनरीच्या प्रत्येक मेनूवर अल्कोहोल ग्रॅममध्ये लिहावे. चाखण्याच्या टेबलावर थुंकायचे भांडे आणि पाणी असावे, आणि गाडी चालवणाऱ्याला द्राक्षांचा ताजा रस मिळावा. डॉक्टरांनी 'थोडी वाइन चालेल, हृदयाला बरी' हे वाक्य कायमचे सोडावे. ज्यांना प्यायची आहे त्यांनी चवीसाठी प्यावी, औषध म्हणून नाही. आणि जे पीत नाहीत त्यांनी तब्येतीसाठी सुरू करण्याची काहीच गरज नाही. हृदयासाठी रोजचे अर्ध्या तासाचे चालणे पुरेसे मोठे औषध आहे, आणि त्याला परवाना लागत नाही.