तडजोडीची किंमत

विदर्भात अनेक ठिकाणी गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते. रोख किती, धान्य किती, कपडे किती हे बोलून होते, थोडी उचल हातात पडते आणि वर्षभरासाठी तो माणूस त्या घरचा होतो. 'घरचा' हा शब्द मायेचा खरा. पण साल संपले आणि उचल फिटली नाही म्हणून त्याला जाता येईना, तर माया कुठे संपली आणि बेडी कुठे सुरू झाली? गोंदियातल्या धानाच्या बांधीवर उभे राहूनही हा प्रश्न पडू शकतो. याच प्रश्नाच्या उग्र रूपाने एकेकाळी अमेरिकेला यादवी युद्धाच्या खाईत लोटले होते.

ते युद्ध एका रात्रीत पेटले नाही. सत्तर वर्षे तेथील शहाणीसुरती माणसे तडजोडी करीत होती. १७८७ साली राज्यघटना लिहितानाच प्रतिनिधित्वासाठी गुलामांची गणना तीन-पंचमांशाने करण्याचे ठरले. १८२० मध्ये नकाशावर रेघ ओढली गेली : मिसुरी राज्य वगळता पश्चिमेच्या मुलखात रेघेच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. १८५० च्या तडजोडीत पळालेला गुलाम पकडून देण्याचा कायदा कडक झाला आणि 'आपला काय संबंध' म्हणणाऱ्या उत्तरेकडील नागरिकाच्या दारात ते पाप येऊन उभे राहिले. १८५४ मध्ये कॅन्सस आणि नेब्रास्काचा निर्णय तिथल्या वसाहतकऱ्यांच्या मतावर सोपवला, तेव्हा कॅन्ससमध्ये मतपेटीआधी बंदुका पोहोचल्या. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात कृष्णवर्णीय हा नागरिकच नव्हे, असा निकाल दिला. १८६० मध्ये लिंकन निवडून आले. गुलामगिरीचा विस्तार रोखू, एवढेच त्यांचे म्हणणे होते; पण तेवढ्यानेही दक्षिणेतील सात राज्ये त्यांच्या शपथविधीपूर्वीच फुटून निघाली. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटरवर तोफा धडाडल्या आणि पुढल्या चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक प्राणांस मुकले.

या साऱ्या तडजोडींत एक गोष्ट समान होती. ज्यांच्याविषयी बोलणी चालली होती, ते जवळजवळ चाळीस लाख गुलाम कोणत्याच बैठकीत नव्हते. तडजोड झाली ती मालक आणि मालकांचे शेजारी यांच्यात. अशी तडजोड भांडण मिटवीत नाही. ती ते व्याजासह पुढच्या पिढीच्या नावावर चढवते.

आणि हे दूरदेशीचे प्रकरण म्हणून आपल्याला अंग झटकता येणार नाही. दक्षिणेच्या हट्टामागे कापूस होता. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस गुलामांच्या हातून वेचला जाई. युद्धात तो अडला, तेव्हा लँकेशायरची नजर वऱ्हाडाकडे आणि हिंगणघाटच्या कापसाकडे वळली. भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरून पेढ्या बुडाल्या. त्या लढाईतून आपल्याकडे अनेकांनी नफा घेतला. बोध घेतला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८७३ साली प्रसिद्ध झालेले 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. तिकडच्या साखळदंडाकडे बोट दाखवून त्यांनी इकडच्या शूद्रातिशूद्रांच्या गळ्यातला फास दाखवला.

आपल्याकडे गुलामगिरी कायद्याने मोडली ती युद्धावाचून. १८४३ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखातील न्यायालयांनी गुलामावरील मालकी मानणे बंद केले. माणसांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवणारी दंडसंहिता १८६० च्या ऑक्टोबरात मंजूर झाली, लिंकन यांच्या निवडणुकीच्या जेमतेम महिनाभर आधी. पण जे कायद्यातून गेले, ते कर्जाच्या वहीत जाऊन बसले. स्वतंत्र भारताच्या घटनेने तेविसाव्या कलमात वेठबिगारीला मनाई केली. तरीही वेठबिगार मुक्त करून त्याचे कर्ज रद्द करणारा कायदा यायला १९७६ साल उजाडले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की किमान वेतनाहून कमी पैशांत राबवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच.

म्हणून प्रत्येक सालगडी गुलाम आणि प्रत्येक शेतमालक जुलमी, असे कोणी समजू नये. अडीनडीला दिलेली उचल अनेकदा चूल पेटती ठेवते, आणि लहान शेतकऱ्याचाही हात बहुधा रिकामाच असतो. पण हिशेबाची वही एकाच्याच हाती असेल आणि दुसऱ्याला वाचता येत नसेल, तर चांगुलपणावर किती काळ विसंबायचे? वीटभट्टीवर, भातगिरणीत, तेंदूपानांच्या फडीवर, आणि शहरातल्या आपल्या स्वयंपाकघरातसुद्धा हाच प्रश्न आहे. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईने आगाऊ पैसे घेतले, तर काम सोडण्याची मुभा तिला उरते का?

उत्तराला फार मोठी क्रांती लागत नाही. उचल दिली तर ती कागदावर लिहावी, त्याची एक प्रत घेणाऱ्याला द्यावी, आणि त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडून ती मोठ्याने वाचून घ्यावी. हिशेब त्याच्यासमोर व्हावा, आणि देणे बाकी राहिले तरी वाट अडवली जाऊ नये. अमेरिकेतल्या बैठकांत जी जागा सत्तर वर्षे रिकामी राहिली, ती आपल्या ओसरीवर तरी येत्या पाडव्याला भरलेली असावी.