‘पर्मनंट’ नसलेली नोकरी

आमच्या इंदापूर तालुक्यात मुलीच्या नोकरीविषयी दोनच प्रश्न विचारतात : पगार किती आणि पर्मनंट आहे का? माझी थोरली बहीण पुण्याला एका विषाणू प्रयोगशाळेत संशोधन सहाय्यक आहे. दुसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. प्रकल्प आहे तोवर नोकरी. तो संपला की पुन्हा मुलाखत. म्हणून वडील म्हणतात, “त्यापेक्षा बी.एड. कर आणि गावी ये.” मला हे पटत नाही.

ताई दिवसभर करते तरी काय? रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्यांवर क्रमांक घालायचे, त्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या, वाढवलेल्या पेशींना वेळच्या वेळी पोषक द्रव द्यायचे आणि सारे वहीत टिपायचे. विषाणू जिवंत पेशीवाचून वाढत नाही. त्यामुळे रविवार असो की दिवाळी, पेशींना सुट्टी नाही. हे ऐकून मला आईचा गोठा आठवला. तिथे एखादी धार चुकली तर भागते. इथे एक क्रमांक चुकला तर एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर जातो.

या कामाला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. १९६५ साली नागपूरकडील चांदीपुरा येथे रुग्णांच्या रक्तात नवा विषाणू सापडला, त्याला त्या गावाचेच नाव मिळाले. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली. २०२० च्या मार्चमध्ये पुण्याच्या याच संस्थेत कोरोनाचा विषाणू वेगळा करण्यात आला. यामागे नळ्यांवर क्रमांक घालणारे किती हात असतील! त्यांची नावे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहेत?

वडिलांचे सर्वस्वी चुकते असेही नाही. उसाच्या बिलाची वाट पाहण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराचे मोल कळते. चूक आहे ती रीतीची. साथ आली की माणसे घ्यायची, ओसरली की सोडायची, हे आग विझल्यावर बंब विकून टाकण्यासारखे आहे. शिकलेला हात तयार व्हायला वर्षे लागतात. साथ काही तेवढी थांबत नाही.

परवा बारामतीच्या एस.टी. स्टँडवर ओळखीच्या मावशींनी विचारलेच, “काय रे, ताई पर्मनंट झाली का?” मी म्हटले, “मावशी, रोगराई पर्मनंट आहे. माणसे तेवढी टेंपररी ठेवली आहेत.”