मर लागली की बाजार गाठायचा, ही सवय सोडा

आज जरा कडू बोलणार आहे.

शेजारच्या वस्तीवर बाजारातून तीन तलंगा आल्या, स्वस्तात मिळाल्या म्हणून. चार दिवसांत त्यांच्या घशात घरघर, हिरवट हगवण, एकीची मान वाकडी. पंधरा दिवसांत माझ्या अठरापैकी चौदा कोंबड्या गेल्या.

जो तो म्हणतो, "हवा बदलली." हवा कसली? ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. आमच्या वस्तीवर ती बाजारच्या पाटीतून आली. एक कोंबडी झुरायला लागली की उरलेल्या विकून मोकळं व्हायचं, हे आपण सगळेच करतो. आपले चार पैसे वाचतात आणि खुराडं दुसऱ्याचं रिकामं होतं. अंड्यांचा पैसा बहुतेक घरी बाईच्या हातचा, त्यावर तेलमीठ चालतं. बुडतं ते तिचं.

"मग गरिबानं नुकसान सोसायचं का?" नाही, लस द्यायची. माझीही चूक तीच. कुपी शंभर डोसची, कोंबड्या अठरा, म्हणून टाळत गेलो. कुपी एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, हे खरं. मग सगळ्या वस्तीनं एकच दिवस ठरवा, वर्गणी काढा. पिल्लांना ५ ते ७ व्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी, कातडीखाली. लस बर्फातूनच आणा, आणि आजारी पक्ष्याला देऊ नका.

रोग आल्यावर दुकानातली अँटिबायोटिकची पुडी मानमोडीचा विषाणू मारत नाही. सीआरडी, कोरायझा हे जिवाणूंचे, त्यांना औषध आहे. पण घरघर सगळ्यांतच असते, म्हणून आधी डॉक्टरला दाखवा.

नवी कोंबडी आणली तर तीन आठवडे वेगळी डालून ठेवा, तिचं दाणापाणी शेवटी करा. मेलेली ओढ्यात फेकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. एकदम मर लागली तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लूही असाच दिसतो, आणि २००६ साली तो देशात पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नवापुरात.

माझ्या चार उरल्यात. त्या तीन आठवडे दाराबाहेर जाणार नाहीत, आणि बाजारात तर नाहीच नाही. तुमचं काय ते तुम्ही ठरवा.