कामकरी माशीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे येतात, लढाया येतात, तहांच्या तारखा येतात. परीक्षेतही तेच विचारतात. परंतु एका नामशेष मधमाशीविषयी वाचले आणि माझ्या या समजुतीला तडा गेला.

तिचे शास्त्रीय नाव 'प्रोप्लेबिया डॉमिनिकाना'. कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकात मिळणाऱ्या तृणमण्यात, म्हणजे अंबरात, ती दीड ते दोन कोटी वर्षे जपली गेली आहे. तृणमणी हा मुळात दगड नव्हे. झाडाची राळ जमिनीत गाडली जाऊन कठीण झाली, तोच हा मणी. डंख न मारणाऱ्या माश्यांपैकी ही एक जात. घरटे बांधण्यासाठी कामकरी माश्या राळ गोळा करीत आणि ती आणतानाच तिच्यात अडकून मरत. म्हणून तृणमण्यात सापडतात त्या बहुतेक कामकरीच. राणीला राळ वेचायला जावे लागत नसे.

२००७ साली अशाच एका कामकरी माशीविषयी 'नेचर' या नियतकालिकात लेख आला. तिच्या पाठीवर ऑर्किडचे परागपुंज चिकटलेले होते. ऑर्किड कुळाचा हा पहिला खात्रीचा जीवाश्म. त्याच्या आधारे शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की हे कूळ डायनोसॉरांच्या काळाइतके जुने असावे. एवढी मोठी साक्ष कोणी दिली? कामावर निघालेल्या एका माशीने!

हे तृणमणी डोंगरातील अरुंद बोगद्यांत शिरून माणसे कुदळ-फावड्याने खणून काढतात. माशीला नाव मिळाले, ऑर्किडला मिळाले; खणणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक आहे?

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले. सात-बाराच्या एकाही उताऱ्यावर त्यांचे नाव नाही. त्यांनी खणलेल्या विहिरीचे पाणी मात्र गाव आजही पिते. मग त्यांना इतिहास नाही असे कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, माशी टिकली हा निव्वळ योगायोग. मान्य आहे. म्हणूनच राबणाऱ्या माणसांचा इतिहास योगायोगावर सोडू नये, असे मला वाटते. आपल्यापैकी प्रत्येकाने येत्या सुट्टीत घरातल्या एका वृद्ध माणसाची हकीकत वहीत उतरवून आणावी आणि इतिहास विभागाने त्या वह्या ग्रंथालयात ठेवाव्यात. राळ झाडावरून आपोआप ओघळते. आठवणी लिहूनच ठेवाव्या लागतात.