विहिरीचं पाणी वर्गात आणा

माध्यमिक शाळेत दुष्फेन, म्हणजे जड, पाणी फळ्यावरच शिकवलं जातं. कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं असली तर जडपणा तात्पुरता, सल्फेटं-क्लोराइडं असली तर कायमचा. पहिला उकळून जातो, दुसऱ्याला धुण्याचा सोडा लागतो. मुलं हे वहीत उतरवतात आणि परीक्षेत लिहितात. घरी बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही म्हणून आई चिमूटभर सोडा टाकते, तेव्हा मात्र शाळेतला तो धडा कुणाला आठवत नाही. माझं म्हणणं असं, की पाण्याचं रसायनशास्त्र मुलांच्या हातूनच शिकवलं पाहिजे, आणि तेही त्यांच्या गावच्या पाण्यावर. यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला एक सोडला तर बाकीचे टिकत नाहीत. जो टिकतो तोही प्रयोगाच्या विरोधात जात नाही.

पहिलं गाऱ्हाणं प्रयोगशाळा नसल्याचं. या प्रयोगाला लागतं काय? चार सारख्या बाटल्या, एक ड्रॉपर, बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणि त्यात विरघळवलेला साबणाचा कीस. साबण खरा हवा. डिटर्जंट जड पाण्यातही फेस देतो, त्यामुळे त्याने प्रयोग फसतो. बाटल्यांत सारख्याच मापाने वेगवेगळं पाणी घ्यायचं: पावसाचं, नळाचं, विहिरीचं, बोअरचं. साबणाचं द्रावण थेंबाथेंबाने टाकायचं, बाटली हलवायची आणि मिनिटभर टिकणारा फेस येईपर्यंत थेंब मोजायचे. पावसाच्या पाण्याला थोडक्या थेंबांत फेस येतो. बोअरच्या पाण्यात आधी पांढरा साका धरतो, थेंबांमागून थेंब जातात आणि मुलं अस्वस्थ होतात.

खरा अभ्यास पुढेच आहे. तेच बोअरचं पाणी दहा-पंधरा मिनिटं उकळायचं, निववायचं, गाळायचं आणि पुन्हा थेंब मोजायचे. आकडा उतरतो, पण पावसाच्या पाण्याइतका खाली येत नाही. जेवढा उतरला तेवढा तात्पुरता जडपणा, जो उरला तो कायमचा. फळ्यावरची व्याख्या इथे वजाबाकी होऊन समोर येते. एखाद्या गटाचं उत्तर चुकतं, कारण उकळताना आटलेल्या पाण्याची भरपाई शुद्ध पाण्याने करायची राहून गेलेली असते आणि उरलेले क्षार दाटलेले असतात. ही चूक मुलांनी आपापसात वाद घालून शोधावी, शिक्षकांनी सांगू नये. भांड्याच्या तळाशी बसलेल्या पांढऱ्या थरावर लिंबू पिळलं की बुडबुडे येतात. तो थर कार्बोनेटचा आहे हे तिथेच कळतं.

हा पोरखेळ आहे, शास्त्र नव्हे, असं कुणी म्हणेल. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या थॉमस क्लार्क यांनी 1840च्या दशकात पाण्याचा जडपणा मोजला तो साबणाच्या द्रावणानेच. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जडपणाच्या एककाला त्यांचं नाव मिळालं. ईडीटीए या रसायनाने जडपणा मोजायची पद्धत आली ती त्यानंतर शंभरेक वर्षांनी. ज्या रीतीवर शहरांचे पाणीपुरवठे तपासले गेले, ती आठवीच्या वर्गाला कमी पडेल असं मानायला काहीच आधार नाही.

दुसरा आक्षेप: इतका वेळ कुठे आहे, फळ्यावर व्हिडिओ दाखवता येतो. व्हिडिओतलं पाणी दुसऱ्याचं असतं आणि त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. तुमच्या गावच्या दोन विहिरींत कोणती जास्त जड, हे कोणत्याही पुस्तकात किंवा चित्रफितीत नाही. दख्खनचा बेसॉल्ट झिजून पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारं आहे. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या मुलाला जे आकडे मिळतील ते कोकणातल्या मुलाला मिळणार नाहीत. उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसलेला प्रश्न शाळेत क्वचितच भेटतो, आणि त्यासाठी दोन तासिका देणं मला मुळीच महाग वाटत नाही.

आता तो एक वजनदार आक्षेप. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-अभ्यासकांनी 2006 साली एका गाजलेल्या लेखात दाखवून दिलं, की नवख्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शनाशिवाय शोध लावायला सोडलं तर शिकणं कमी होतं. हे मला पूर्ण मान्य आहे. साका पाहून कुणाही मुलाला कॅल्शियमचा आयन सुचणार नाही. आयन दिसत नाहीत, ते समजावूनच द्यावे लागतात. पण यातून निघतं ते इतकंच, की प्रयोगाआधी आणि नंतर शिक्षकाने नीट शिकवलं पाहिजे. प्रयोग टाळावा असं त्यातून कुठेच निघत नाही.

हे नुसत्या शालेय गुणांपुरतं नाही. दारोदार शुद्धीकरण यंत्रं विकणारे लोक एक प्रात्यक्षिक दाखवतात. दोन पेले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या पट्ट्या बुडवून वीज सोडली की नळाचं पाणी गढूळ तपकिरी होतं आणि घरचे हादरतात. तो गाळ पाण्यातला नसतो. पट्टीतलं लोखंड विरघळून त्याचा साका होतो. यंत्राच्या पाण्यात क्षार फार कमी, म्हणून त्यातून वीज जेमतेम वाहते आणि ते स्वच्छ दिसतं. ज्या मुलीने वर्गात नऊ व्होल्टच्या बॅटरीने पाण्याचं विद्युत अपघटन केलं आहे, ती त्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगेल, आणि तेही पाणी तपकिरी होईल. टीडीएस मीटर प्रत्यक्षात विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो, हेही तिला ठाऊक असेल. असं संरक्षण पाठांतराने मिळत नाही.

एक धोका खरा आहे आणि तो शिक्षकाने टाळलाच पाहिजे: एका चाचणीवरून पाणी पिण्याजोगं ठरलं, असं मुलांना वाटण्याचा. तुरटीने निवळलेलं पाणी दिसायला सुंदर, पण त्यात जंतू असू शकतात. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांतलं फ्लोराइड चवीला कळत नाही, साबणालाही कळत नाही. भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 इतकी आहे. एवढं सूक्ष्म मोजायला योग्य संच किंवा प्रयोगशाळाच लागते. आपली चाचणी काय सांगू शकत नाही, हे मुलांनी निष्कर्षाखाली लिहिलं पाहिजे. ग्रामपंचायतीचा कर्मचारी पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करतो, तिचा पिवळा रंगही फक्त क्लोरीनबद्दलच सांगतो.

सरकारी शाळांत हे होणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी होशंगाबाद आठवावं. मध्य प्रदेशात 1972 साली 16 ग्रामीण शाळांत सुरू झालेला प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा तो उपक्रम पुढे हजाराच्या आसपास शाळांत पोचला. तिथे परीक्षेला पुस्तक जवळ ठेवायची मुभा होती आणि प्रयोगही परीक्षेचा भाग होता. 2002 साली शासनाने तो बंद केला. पण तोवर तो तीस वर्षं साध्या शाळांत, साध्या शिक्षकांच्या हातून चालला होता.

आपल्याकडे दहावीच्या विज्ञानात प्रात्यक्षिकाचे 20 गुण आहेत. अनेक ठिकाणी ते दुसऱ्याचं जर्नल उतरवून मिळतात. त्यांतले काही गुण गावच्या पाण्याला द्यावेत: पावसाळ्याआधी आणि नंतर, किमान तीन स्रोतांचे मुलांनी स्वतः मोजलेले आकडे. आणि परीक्षेच्या दिवशी परीक्षकाने मुलांनी आधी न पाहिलेल्या पाण्याची बाटली समोर ठेवून त्याचा जडपणा मोजून मागावा.